न तुटलेला दोर

आषाढ सरत आला की पनवेलच्या बाजारात दुकानांच्या दारांत दोरांची वेटोळी येऊन बसतात. निळी, पिवळी, हिरवी. बाकीचं वर्षभर ती आत कुठेतरी धूळ खात असतात. पण नारळी पौर्णिमेला पंधरा-वीस दिवस उरले की दुकानदार त्यांना बाहेर ओढतात, वर प्लॅस्टिकचा कागद टाकतात, आणि खाडीकडच्या गावांतली माणसं येऊन ती हातात घेऊन, नखाने खरवडून, कुणी कुणी चक्क दाताखाली धरून बघतात. मी समोरच्या कडेने जाते. जाताना मान आपोआप दुसरीकडे वळते. नऊ वर्षं झाली, अजून वळते. मला आता त्या वळणाऱ्या मानेचाच कंटाळा आला आहे.

मुंब्र्याच्या रस्त्याला आमचा दोरांचा कारखाना आहे. छोटाच. आधी प्लॅस्टिकचे दाणे वितळवायचे, मग बारीक भोकांतून धागे काढायचे, ते गरम करून ताणायचे, पीळ द्यायचा, आणि सगळ्यात शेवटी, कँटीनच्या भिंतीला लागून, माझी खोली. खोलीत एक टेबल, एक खरखरणारा पंखा आणि दोर ओढायचं यंत्र. दोराचा तुकडा वरच्या आणि खालच्या जबड्यात अडकवायचा आणि बटण दाबायचं. तो तुटेपर्यंत यंत्र ओढत राहतं. काटे सांगतात, किती जोराला तुटला आणि तुटायच्या आधी किती लांबला. मग मी कागदावर सही करते. त्या सहीशिवाय माल फाटकाबाहेर जात नाही. सांगायला फार मोठं वाटतं, पण दिवसभर वस्तू तोडत बसायचं काम आहे ते.

यंत्राला एक खटका आहे. खाली केला की यंत्र हळू ओढतं, वर केला की जलद. तपासणी हळूच करायची, हा नियम. एका तुकड्याला सात-आठ मिनिटं लागतात आणि एका खेपेचे दहा तुकडे तोडायचे असतात. जलद खटका फक्त तुटलेला तुकडा काढल्यावर जबडे भराभर जागेवर आणण्यासाठी. हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. आख्ख्या कारखान्यात खटक्याचं महत्त्व कळणारं एकच माणूस होतं, आणि ते मी होते.

कारण एम.एस्सी.नंतरची तीन वर्षं मी त्याच एका प्रश्नावर घालवली होती. ताठ साखळ्यांवर बाहेरून जोर लावला, तर त्या वेळेप्रमाणे कशा वागतात? प्लॅस्टिक असो, रेशीम असो, आत सगळ्या रेणूंच्या लांबलचक साखळ्याच असतात, डोळ्यांना न दिसणाऱ्या. काही लवचीक, गुंडाळून पडलेल्या. काही ताठ. आई तेव्हा हिंडती-फिरती होती. एकदा बाजेवर शेवया वाळत घालताना तिने विचारलं, "म्हणजे तू तिथे नक्की काय गं करतेस?"

मी तिच्या हातातली सुकी शेवई घेतली. म्हटलं, "शिजलेली शेवई बघ, कशीही वळते. ही ताठ आहे. अशा हजारो एकमेकींना खेटून निजल्यात असं समज. आता एकीचं टोक कुणी झटकन ओढलं, तर मधल्या भागाला ते लगेच कळत नाही. ओढ टोकापासून आत आत सरकत जाते, तिला वेळ लागतो. तेवढ्यात ओढणारा थांबला, तर मधला भाग म्हणतो, काय झालं? मला तर काहीच ठाऊक नाही. म्हणून झटक्याला त्या भलत्याच कडक वाटतात. पण तीच ओढ हळूहळू लावत राहिलं, तर निरोप सगळीकडे पोचतो. मग सगळ्या एकमेकींना घासत सरकायला लागतात आणि आख्खी जुडी लांबत जाते. तुटत नाही, पण पहिल्यासारखी राहत नाही."

आई शेवई परत घेत म्हणाली, "एवढंच होय? हे तर कुठलीही बाई सांगेल. एकदा कुणी ओरडलं तर ताठ उभी राहते ती. रोज थोडं थोडं बोलत राहा, मग बघ."

मी खूप हसले होते. माझ्या मार्गदर्शक सरांना सांगितलं तर तेही हसले. त्या हसण्याचं आता मला नवल वाटतं.

माझं संशोधन पुरं झालंच नाही. वडील गेले, भावाने नाशकाला संसार थाटला, आणि आईची डावी बाजू गेली. नवीन पनवेलच्या दोन खोल्यांत आई आणि मी. तेव्हा खिडकीतून सुकापूरची भातशेतं दिसायची. आता तिथे इमारतींच्या गच्च्यांवरच्या पाण्याच्या टाक्या दिसतात. लोक विचारत, एवढं शिकून दोर काय तोडत बसलीस? मी म्हणायची, घराजवळ आहे. खरंच तेवढंच कारण होतं.

आजारी माणसाचं करणं एका दिवसाचं असेल तर कुणीही करतं. अगदी हौसेने करतं. पाहुणे यायचे, आईची कूस बदलायला हात लावायचे आणि डोळे पुसत मला म्हणायचे, "तू किती खंबीर आहेस गं." त्यांच्यापुढे मी ताठ असायचीही. पण पाहुणे गेले की पुन्हा तेच. सकाळचं स्पंजिंग, भरवणं, कपडे, औषधं, कामावर जाणं, येणं, पुन्हा कपडे. कुठेच काही मोठं घडत नव्हतं. रडावं असंही काही नव्हतं. फक्त मी दिवसेंदिवस थोडी थोडी लांबत चालले होते आणि त्याला काय म्हणतात हे मला पक्कं ठाऊक होतं.

दिवसा आईजवळ शेजारच्या सुशीलावहिनी बसत. साडेपाचला त्यांना निघावंच लागे, घरी मुलं यायची. कारखाना पाचला सुटायचा. एरवी जमून जाई. पण आषाढ म्हणजे आमच्याकडे सुगीच. उरणपासून अलिबागपर्यंतच्या सगळ्या होड्यांना दोर हवे असत, तेही पौर्णिमेच्या आत. दिवसाला एक खेप तपासायची मी, त्या आषाढात तीन-तीन येऊ लागल्या. तीन खेपा म्हणजे तीस तुकडे. हळू खटक्यावर चार तास नुसते ओढण्यात जायचे, बाकीची कामं वेगळीच. पाच वाजता अजून आठ-दहा तुकडे बाकी असत आणि माझ्या डोळ्यांपुढे सुशीलावहिनींच्या घराचं कुलूप.

एके दिवशी मी खटका वर केला. तुकडा ताड्‌कन तुटला. अर्ध्या मिनिटात. आकडा आला तो नेहमीपेक्षा चांगला, आणि तो चांगला येणारच होता. तसा तो का येतो यावरच तर मी तीन वर्षं घालवली होती. मी तो आकडा कागदावर लिहिला, सही केली आणि पाच वाजून पाच मिनिटांनी फाटकाबाहेर पडले. दुसऱ्या दिवशी दोन तुकडे तसे तोडले. आठवडाभरात सगळेच. विसरले असते तर बरं झालं असतं, निदान तसं सांगता तरी आलं असतं. मी विसरले नव्हते. दमले होते.

त्याच आठवड्यात हिराजीकाका आले.

हे उरणच्या वाटेवरच्या, खाडीकाठच्या गव्हाणचे. पन्नाशी उलटलेले, बुटके, हात मात्र अंगापेक्षा मोठे. मिठागरातही काम करत आणि खाडीत होडीही घालत. दरवर्षी गावातल्या पाच-सहा होड्यांचे दोर न्यायला तेच येत, कारण होडी कुणाचीही असो, नांगराची गाठ हिराजीने मारायची, असं गव्हाणात ठरलेलंच होतं. पाऊस असो नसो, छत्री काखेत. माझ्या खोलीच्या दारात उभे राहून विचारायचे, "काय ताई, तोरलीव काय माजी रशी?"

"तुमची कशी तोडीन? तिच्या दहा बहिणी तोडल्या."

"बिचाऱ्या," म्हणून ते आत येऊन बसत. मला त्यांचं येणं आवडायचं. त्या खोलीत कुणी बसायला यायचंच नाही.

त्यांची एक पद्धत होती. नवा दोर नेला की तो अंगणातल्या चिंचेच्या आडव्या फांदीला बांधायचा, खालच्या टोकाला लोखंडी नांगर अडकवायचा आणि तसाच लोंबकळत सोडून द्यायचा. रोज सकाळी नांगर जिथवर आला असेल तिथे शेजारच्या खांबावर कोळशाची रेघ मारायची. पंधरा दिवस. रेघा एकाच जागी पडायला लागल्या की दोर पाण्यात न्यायचा. खाली खालीच सरकत राहिल्या तर त्या दोराने बकऱ्या बांधायच्या.

"रशी पयल्या दिवशी सगल्यांशी गोडच बोलते," ते सांगायचे. "तिला टांगून ठेवायला लागतं. मंग खरं काय ते बोलते."

मोठ्या प्रयोगशाळांत अगदी हेच करतात. वजन लावून आठवडेच्या आठवडे टांगून ठेवतात आणि लांबी मोजत राहतात. आमच्या कारखान्यात ती सोय नव्हती, ती हिराजीकाकांच्या चिंचेवर होती. हे मला ठाऊक होतं. एरवी मी त्यांना ते कौतुकाने सांगितलंही असतं. पण त्या दिवशी साडेचार वाजले होते, तिसरी खेप बाकी होती, आणि मला ते उठून जायला हवे होते.

म्हटलं, "काका, आता पुरे करा ते झाडाला टांगणं. पंधरा दिवस कशाला हवेत? आमच्या यंत्रावर अर्ध्या मिनिटात कळतं." आणि त्यांच्या देखत खटका वर ठेवून एक तुकडा तोडून दाखवला. ताड्‌!

ते दचकले. मग उठून यंत्राच्या जवळ आले, खालच्या जबड्यावर हात ठेवला.

"अर्ध्या मिनटात?"

"अर्ध्या."

"शिकल्याली मानसं तुमी," ते म्हणाले. "मंग नाय टांगत या साली. आज येकट्या दामूचीच रशी नेतो, त्याला पन घाई हाय, नवी होरी हाय त्याची."

दामू त्यांचा पुतण्या. पहिलीच स्वतःची होडी, इंजिन बसवलेली. ते मला सगळं सांगत होते आणि मी मान हलवत घड्याळाकडे बघत होते.

दोन आठवड्यांनी एका गुरुवारी सुशीलावहिनी सकाळीच म्हणाल्या, "आज सातपर्यंत आहे गं मी, मुलं आजोळी गेलीत." मला एकदम दीड तासाची श्रीमंती आली. पाच वाजता सगळे गेले, मी चहा घेऊन खोलीतच बसले. टेबलावर हिराजीकाकांना दिलेल्या खेपेचा एक तुकडा शिल्लक होता. का कोण जाणे, तो जबड्यात अडकवला आणि खटका खाली केला.

जोराचा काटा चढेना. लांबीचा काटा मात्र चालला. चालला, चालला, थांबायचं नावच घेईना. तुकडा माझ्या डोळ्यांसमोर लांब आणि बारीक होत गेला, अगदी आवाज न करता. चहा तसाच राहिला. नंतर कळलं, ती खेप निघाली त्या आठवड्यात धागे तापवायची भट्टी नीट तापत नव्हती. धागे अर्धवटच ताणले गेले होते. हळू खटक्यावरचा पहिला तुकडाच ते सांगून मोकळा झाला असता. मी त्याला बोलूच दिलं नव्हतं.

शुक्रवारी सकाळी मी परचुरेसाहेबांकडे गेले. ते आमचे मॅनेजर. वाईट माणूस नव्हता तो, माझ्यासारखाच थकलेला होता. त्यांनी सगळं ऐकलं, चष्मा काढून डोळे चोळले.

"मॅडम, माल गेलाय. सही तुमची आहे. आत्ता बोभाटा केलात तर मालक पहिलं पत्र तुमच्या हातात देतील. आईंचं काय करणार मग? सण होऊन जाऊ दे. दुकानांतला माल मी हळूच परत मागवतो."

"आणि जे थेट घेऊन गेलेत ते?"

"ते होड्या पौर्णिमेलाच घालतात ना पाण्यात? आहेत अजून पाच दिवस."

हे ऐकून मला बरं वाटलं. कुणीतरी मला थांबायला सांगावं असंच वाटत होतं की काय कोण जाणे. त्याच दुपारी उरणची एसटी धरून गव्हाणला जाता आलं असतं, पण आईला ताप होता. शनिवारी ताप उतरला, पण सुशीलावहिनींना बाहेर जायचं होतं. दोन्ही कारणं खरी होती. मी आयुष्यात खोटं कारण फारसं दिलेलंच नाही, खरी कारणंच मला नेहमी पुरली आहेत.

रविवारी सकाळी गव्हाण फाट्यावर उतरले आणि चिखलातून खाडीकडे चालत गेले. बंधाऱ्यावर वीस-पंचवीस माणसं उभी होती. दामूची होडी दगडांवर आडवी पडली होती, तळाची फळी फुटून आत गाळ शिरलेला. लाकूड फुगून फटी बुजाव्यात म्हणून नवी होडी पौर्णिमेच्या आधीच चार दिवस पाण्यात ठेवतात, हे मला काय माहीत? शुक्रवारी तिन्हीसांजेलाच तिला नांगरून ठेवली होती. दोन रात्री भरतीने एका बाजूला ओढली, ओहोटीने दुसऱ्या. वारा नव्हता, लाटा नव्हत्या. नुसती ओढ, तास न् तास.

हिराजीकाका दोर हातात घेऊन बसले होते. दोर अख्खा होता. कुठे तुटला नव्हता, तंतू सुटला नव्हता, घासलाही नव्हता. पाण्यातून नांगर वर काढला तेव्हा त्याची कडी मोकळी होती.

"गाठ सुटली," ते म्हणाले. माझ्याकडे बघून नाही, कुणाकडेच बघून नाही. "माज्या हातची गाठ सुटली."

मी त्यांच्याजवळ बसले. आमच्या दोरात दर पाच मीटरवर एक लाल धागा विणलेला असतो. माझ्या पर्समध्ये टेप होती. दोर गोळा करायच्या निमित्ताने दोन लाल धाग्यांमधलं अंतर मोजलं. साडेपाच मीटरच्या वर भरलं. टोकाच्या हातभर भागात गाठीचे वळसे जसेच्या तसे उमटलेले होते, एकही ढळलेला नव्हता. म्हणजे गाठ सुटलीच नव्हती. दोर ताणून बारीक झाला होता आणि घट्ट मारलेल्या गाठीतून हळूहळू सरकून निघून गेला होता. तिथे जमलेल्या सगळ्या माणसांत हे फक्त मला वाचता येत होतं.

दामू पलीकडे उभा होता. त्याचा चेहरा बघवत नव्हता. एक म्हातारा म्हणाला, "हिराजीचा हात आता ऱ्हायला नाय." कुणी त्याला गप्प केलं नाही. हिराजीकाकांनी माझ्याकडे पाहिलं. यंत्राबद्दल, अर्ध्या मिनिटाबद्दल, झाडाला न टांगण्याबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नाही. दोर तुटला नव्हता ना. त्यांच्या हिशेबी माझी सही खरी ठरली होती.

मी तोंड उघडलं आणि म्हणाले, "असं होतं कधी कधी, काका."

बस्स. एवढंच बोलले. टेप पर्समध्ये टाकली आणि परतीची एसटी धरली.

सोमवारी परचुरेसाहेबांनी बातमी ऐकून विचारलं, "दोर तुटला?" म्हटलं, नाही. "सुटलो बुवा," ते म्हणाले. खेपेतला बाकीचा माल पंधरा दिवसांत परत आला, वितळवला गेला. मी पुन्हा कधीही खटका वर केला नाही. माल अडला, साहेब चिडले, मी घरी उशिरा पोचले, वहिनींची बोलणी खाल्ली, पण खटका खालीच. त्याने कुणाचं काय भलं झालं ते मला सांगता येणार नाही.

हिराजीकाका कारखान्यात परत आले नाहीत. पुढच्या आषाढात दामू आला, दोर घेऊन गेला, माझ्या खोलीकडे फिरकला नाही.

पण त्यांची बायको, जनाबाई, पनवेलच्या मासळी बाजारात बसायची. कोपऱ्यातल्या खांबाशी, चिखलातले निवट्या मासे, खेकडे आणि वाट्यावर कोलंबी. आधीपासून माझी तीच ठरलेली. दुसरीकडे जाता आलं असतं. गेले नाही, कदाचित तेवढी शिक्षा आपल्याला झेपेल असं मी ठरवलं असेन. दर रविवारी मी तिच्यापुढे पिशवी धरायची आणि विचारायची, "काका कसे आहेत?" आणि ती कोलंबी साफ करता करता सांगायची.

"होरी इकली यांनी. मिठागरावर जातात नुसते."

दुसऱ्या वर्षी, "कुनी गाठ मारायला बोलावलं तं जात नाय. सांगतात, माजा हात खोटा हाय."

मग एकदा, हसत हसत, "आता लाकरांचा भारा पन मलाच बांधायला लावतात. बकरी सुटली तरी मीच बांधायची. काय येरेपना म्हनायचा हा!"

मीही हसायची. मग कोलंबी घेऊन घरी यायची, आईला भरवायची, आणि एका ओझ्यावर दुसरं ओझं नीट रचून ठेवायची. नऊ वर्षं. कुणी मला एकदाच गदगदा हलवून विचारलं असतं तर मी सगळं भडाभडा सांगून टाकलं असतं, किंवा ताठ उभी राहून नाकारलं असतं. पण तसं कुणी विचारलं नाही. फक्त दर रविवारी थोडंसं.

या चैत्रात आई गेली. शांतपणे गेली, तिच्या मानाने. तेराव्यानंतर भाऊ नाशकाला परतला आणि मला कळेना की साडेपाचला घरी पोचून करायचं काय. दोन महिने मी कामावरून येऊन नुसती झोपले. नोकरी गेली तर आईचं काय, हे नऊ वर्षांचं कारण आता घरात नव्हतं. तरीही मी गव्हाणला गेले नाही. त्या कारणाचीही सवय झालेली असते.

आणि मग मागच्या रविवारी जनाबाई म्हणाली, "काल नातीचं बारसं झालं. पालना टांगायचा तं घरातल्या मोठ्या मानसानं, अशी आमच्यात रीत. सगली यांच्याकरं बघतात. तं हे उठले, घर सोरून गेले, बंधाऱ्यावर जाऊन बसले बारसं होईपर्यंत. सांगतात, पोर परंल." तिने हातातली सुरी खाली ठेवली. या वेळी ती हसली नाही. "सोताच्या नातीचा पालना, ताई."

मी पिशवी तिथेच ठेवली. म्हटलं, "जनाबाई, घरी कधी जाणार? मी येते बरोबर."

हिराजीकाका ओटीवर बसले होते. खूप वाळलेत. हात तेवढे तसेच मोठे. मला पाहून म्हणाले, "या, ताई. आई गेली तुमची, हिनं सांगितलं." मी खाली बसले आणि एका दमात सांगितलं. खटका, घाई, गुरुवारचा तुकडा, शुक्रवार, शनिवार. लाल धागे. नऊ वर्षं तयार करून ठेवलेली वाक्यं कुठे गेली कोण जाणे. जे आलं ते तुटक, वेडंवाकडं आलं.

हिराजीकाका पुढे सरकून बसले. जनाबाई दारात उभी होती.

"लांबली व्हती रशी?" त्यांनी विचारलं.

"पाच मीटरला अर्ध्या मीटरच्या वर."

"आनि गाठ?"

"गाठ घट्टच होती, काका. शेवटपर्यंत. रशी बारीक होऊन तिच्यातून निघून गेली. वळसे तसेच होते, मी बघितले ना."

"तू बघितलंस," ते म्हणाले. आजवर त्यांनी मला कधी अगं-तुगं केलं नव्हतं. "तवाच बघितलंस?"

"हो."

"नऊ वर्सं!" आवाज एकदम चढला. "माजी होरी गेली. दामू माज्याशी दोन वर्सं बोलला नाय. मी माज्या हाताकरं बघत बसायचो गो, रोज! आनि तुला ठावं व्हतं? का नाय बोललीस?"

"नोकरी गेली असती. आई घरात पडलेली."

"मंग माजं गेलं ते?"

मी मान खाली घातली. क्षमा मागायची म्हणून आले होते, पण तो शब्द तिथे काढायची मला लाज वाटली. जनाबाईने आतून चहा आणला, माझ्यापुढे ठेवला. वाटलं, आता हाकलतील. त्यांनी हाकलायलाच हवं होतं.

ते उठले. खांबाला धरून उभे राहिले, ओटीच्या पायऱ्या उतरले आणि चपलाही न घालता समोरच्या घरात गेले. आतून त्यांचा आवाज आला, "आयकलं काय रं? गाठ माजी नव्हती. रशी खोटी व्हती." कुणीतरी काही विचारलं. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. मग त्याच्या पुढच्या घरात. मग पलीकडच्या आळीत. माझं नाव एकदाही आलं नाही. दामूच्या दारात गेले असतील तेव्हा आवाज फाटला; मग पुन्हा पुढच्या घरातून, दमलेल्या पण मोठ्या आवाजात, "गाठ माजी नव्हती."

मी चहाला हात लावला नव्हता. जनाबाई शेजारी येऊन बसली, पदराने तोंड पुसलं आणि कप माझ्याकडे सरकवला.

"पिऊन घ्या तुमी," ती म्हणाली. "सगल्या गावाला सांगून झाल्याबिगर ते येनार नाय."